उभ्या गाडीची साक्ष

१ जून २०२५ ला बार्सिलोनात फॉर्म्युला वनच्या फ्रंट विंग नव्या मोजमापाला सामोऱ्या गेल्या. १०० किलोचा भार दोन्ही बाजूंना सारखा दिल्यावर विंग १५ मिलिमीटरपर्यंत वाकलेली चालत होती, त्या दिवसापासून फक्त १० चालू लागली. भार एकाच बाजूला दिला तर २० च्या जागी १५. फ्लॅपच्या मागच्या कडेवर ६ किलो दिले तर ५ च्या जागी ३. या आकड्यांवरून जानेवारीपासून रान उठले होते. आधीच्या आठपैकी सहा शर्यती मॅक्लारेनच्या खात्यात जमा होत्या आणि एफआयएचा, म्हणजे फॉर्म्युला वनच्या नियामक संस्थेचा, हा आदेश त्यांचेच पंख छाटेल असा अनेकांचा होरा होता. त्या रविवारी मॅक्लारेनचाच पियास्त्री पहिला आला, नॉरिस दुसरा. महिनाअखेरीस ऑस्ट्रियात नॉरिस पहिला, पियास्त्री दुसरा. एवढ्याने आदेश चुकीचा ठरत नाही, कारण विशिष्ट संघाला खाली खेचण्यासाठी नियम करायचे नसतात. आमची तक्रार मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि ती १९८१ पासूनची आहे.

विंग वाकवण्यामागे फक्त सरळ रस्त्यावरचा ड्रॅग वाचवण्याची हाव असते, हा समज आधी बाजूला ठेवू. २०२२ ते २०२५ च्या गाड्यांच्या डाउनफोर्सचा मोठा वाटा तळाखालच्या व्हेंचुरी बोगद्यांतून येत होता. वेग वाढला की गाडी खाली बसते आणि बॅलन्स सरकतो. मंद वळणावर पुढची चाके पकड सोडतात, वेगवान वळणावर मागची. फ्लॅप मंद वळणासाठी चढवावा तर सिल्व्हरस्टोनच्या कॉप्सला मागची बाजू जागेवर राहत नाही. उतरवावा तर हेअरपिनला गाडीचे नाक आत वळत नाही. वेगाबरोबर आपोआप मागे झुकणारा फ्लॅप हे या दोन्ही दुखण्यांवरचे एकच औषध आहे. भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला जेवढा असेल त्याच्या नऊपट ३०० ला. ही नऊपट कामाला लावणे हे चांगल्या अभियंत्याचे लक्षण आहे, त्याला चोरी म्हणणे आम्हाला पटत नाही. कार्बन प्रीप्रेगचे थर असमतोल कोनांत रचून वाकण्याला पीळ जोडून द्यायचा, ही युक्ती ग्रुमनच्या एक्स-२९ विमानाने १९८४ साली हवेत सिद्ध केली. त्याचे पुढे झुकलेले पंख त्याच रचनेमुळे पिळवटून तुटत नव्हते.

नियमपुस्तकात मात्र हवेवर परिणाम करणारा प्रत्येक भाग घट्ट जोडलेला आणि अचल असावा, असे लिहिले आहे. अचल पदार्थ जगात नाही हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून व्यवहारात चाचणी हाच नियम होतो, आणि ही चाचणी फार थोडे पाहते. गाडी उभी, भार एकच, बिंदू ठरलेले, दिशा सरळ खाली. भार आणि वाक यांच्या आलेखावरचा एकच ठिपका आपल्या हाती येतो. ट्रॅकवरचा भार याच्या कितीतरी पट असतो, संपूर्ण स्पॅनवर पसरलेला असतो आणि विंगला मागेही ओढतो. १०० किलोला १० मिलिमीटर वाकलेली विंग ३०० किलोला ३० च वाकेल, असे कोणत्याही लेअपने, म्हणजे थरांच्या रचनेने, लिहून दिलेले नाही. शिवाय विंग किती खाली गेली हे डायल दाखवतो, किती पिळली हे दाखवत नाही; फ्लॅपची चाचणी त्याच्या जवळपास जाते, तीही मोजक्या जागी. २०२४ मध्ये बाकूला मॅक्लारेनच्या मागच्या विंगच्या वरच्या फ्लॅपची खालची कड वेगात बाजूंना उचलली जाताना साऱ्या जगाने कॅमेऱ्यात पाहिली. तीच विंग त्या वेळच्या सर्व चाचण्यांतून पार झालेली होती. मग एफआयएने बोलणी केली, संघाने बदल मान्य केला, आणि २०२५ च्या हंगामासाठी ७५ किलो भाराखाली स्लॉट गॅप २ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलू नये असे ठरले. मेलबर्नची पहिली शर्यत झाली न झाली तोच ते २ चे ०.५ झाले. एकदा ठरवलेली मर्यादा एका शर्यतीत चौथा हिस्सा होते, याचा अर्थ पहिला आकडा ठरवताना ट्रॅकवरचे पुरावे पुरेसे विचारात घेतले गेले नव्हते.

असेच १९८१ सालीही घडून गेले आहे. फिसा या तेव्हाच्या नियामक संस्थेने सरकते स्कर्ट बंद केले आणि गाडीचा तळ जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर हवा असे फर्मावले. मोजमाप पिटमध्ये, गाडी उभी असताना. गॉर्डन मरे यांनी ब्रॅबम बीटी४९सी ला हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन बसवले. वेग आला की डाउनफोर्सच गाडीला खाली दाबून ठेवी, पिटमध्ये परतेपर्यंत ती सावकाश वर येई, आणि मोजणाऱ्याला ६ सेंटिमीटर पुरे भरलेले दिसत. इतर संघांनी चालकाच्या हाताशी स्विच देऊन तेच साधले. नेल्सन पिके त्या वर्षी विजेता झाला. पुढे सस्पेन्शन दगडासारखी कडक झाली, चालकांच्या पाठीच्या कण्यावर बेतले, आणि १९८३ ला सपाट तळ आणून प्रकरण मिटवावे लागले. याच्या शेजारी १९९४ ची लाकडी फळी ठेवून पाहा. इमोलाला झालेल्या चालकांच्या मृत्यूंनंतर तळाला १० मिलिमीटर जाडीची फळी आली. शर्यत संपल्यावर ती ९ पेक्षा कमी भरली तर गाडी बाद. फळीला सेन्सर नाही, गणित नाही, पण शर्यतभर गाडी जमिनीला किती घासली याची नोंद तिच्या अंगावर राहते. स्पाला १९९४ मध्ये शुमाकरचा विजय याच फळीने काढून घेतला, ऑस्टिनला २०२३ मध्ये हॅमिल्टन आणि लेक्लेर बाद झाले, २०२५ मध्ये शांघायला पुन्हा हॅमिल्टन. निकालाबद्दल हळहळ झाली असेल, पण फळी झिजली की नाही यावर वाद घालायला जागाच उरत नाही. १९९४ पासून टिकलेला नियम आहे तो, आणि टिकला याचे कारण त्याची साक्ष ट्रॅकवरून येते.

एफआयएला हे जमत नाही असेही नाही, आणि आमचा राग नेमका त्यावर आहे. २०२२ मध्ये पोर्पॉइझिंगने, म्हणजे वेगात गाडी उसळत राहिल्याने, चालक हैराण झाले तेव्हा त्यांनी उभ्या गाडीचा तळ दाबून पाहण्यावर भागवले नाही. गाडीतल्या सेन्सरवरून उभ्या दिशेचे त्वरण घेतले, त्यातून आंदोलनाचे एक माप काढले, आणि १०० किलोमीटर अंतराला किलोमागे १० जूल ही मर्यादा बेल्जियन शर्यतीपासून लावली. संघांनी कुरकुर केली, पण माप राहिले. विंगच्या बाबतीतही २०२४ मध्ये स्पापासून सराव सत्रांत कॅमेरे लावून, विंगवर खुणा चिकटवून चित्रण सुरू झाले. म्हणजे पुरावा गोळा होत होता. तो गोळा करून निकाल मात्र पुन्हा उभ्या गाडीला वजन टांगूनच द्यायचा, हे अनाकलनीय आहे.

यावर पहिला आक्षेप असा की नियमाला स्पष्ट आकडा लागतो, आणि वारा, कर्ब, पुढच्या गाडीची वावटळ यांमुळे ट्रॅकवरचा आकडा कधीच स्पष्ट नसतो. आक्षेप वजनदार आहे. पण एका क्षणाचा आकडा मागितला तरच तो लागू पडतो. ठरलेल्या वेगपट्ट्यांत सरासरी विक्षेप घेतला, कर्बवरचे क्षण वगळले, तर वावटळीचा गोंधळ बराच विरतो. आंदोलनाच्या मापाने हेच केले. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. १९६९ मध्ये मोन्ज्युइकला ग्रॅहम हिल आणि रिंट यांच्या लोटसच्या उंच विंग कोसळल्या आणि लगेच मोनॅकोला अशा विंगवर बंदी आली. ही आठवण काढणारे चुकत नाहीत. परंतु तुटणे हा ताकदीचा आणि थकव्याचा प्रश्न आहे, वाकणे कडकपणाचा. मुद्दाम लवचीक केलेला भाग कडक भागापेक्षा जास्त आवर्तने सोसू शकतो. सुरक्षितता हवी असेल तर थकव्याची चाचणी मागा. मिलिमीटर घटवून ती मिळत नाही.

आणि हंगामाच्या मध्यात का? जानेवारीत ठरलेला आदेश नवव्या शर्यतीपासून लागू करण्याचे कारण असे दिले की संघांना तयार भाग विनाकारण टाकून द्यावे लागू नयेत. मग आठ शर्यती धावलेली विंग नवव्या शर्यतीला अडगळीत गेली त्याचे काय? खर्चावर मर्यादा आहे, विंड टनेलच्या वेळेवर मर्यादा आहे, त्यातही गतविजेत्याला ७० टक्के आणि दहाव्याला ११५. त्या मोजक्या धावांतला वाटा प्रत्येक संघाने सोळा शर्यतींच्या विंगसाठी खर्चला. २०२६ मध्ये पुढची आणि मागची दोन्ही विंग नियमानेच धावत्या गाडीवर हलणार हे तेव्हाच ठरलेले होते. जी हालचाल पुढच्याच हंगामात कायदेशीर होणार होती, तिच्यातले ५ मिलिमीटर कमी करण्यासाठी एवढा खर्च करायला लावणे समर्थनीय नाही.

आता आपल्याकडे. फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर उतरणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन संघांना जो नियम आहे तोही उभ्या गाडीचाच: २२५ चौरस सेंटिमीटरवर २०० न्यूटन दिल्यास १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक नको, कुठल्याही बिंदूवर ५० न्यूटन दिल्यास २५ पेक्षा नको. तपासणीत पास झालो म्हणजे विंग सीएफडी सिम्युलेशनमध्ये होती तशीच धावते, असे मानणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा. ६० किलोमीटर वेगाला डायनॅमिक प्रेशर साधारण १६५ पास्कल. लिफ्ट कोइफिशंट गुणिले क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरले तर एकूण ५०० न्यूटन, त्यातले ४० टक्के पुढे, म्हणजे फ्रंट विंगवर २०० न्यूटन. १०० किलोमीटरला तेच साडेपाचशेवर जातात. जमिनीपासून ४० मिलिमीटरवर बसवलेली विंग ८ ने खाली आली तर तपासनीस काही म्हणणार नाही, पण ग्राउंड क्लिअरन्सचा पाचवा हिस्सा गेला आणि तुमची सारी सिम्युलेशन्स दुसऱ्याच गाडीची झाली. दोष बहुधा एलिमेंटमध्ये सापडणार नाही. तो रॉड एंडच्या ढिलाईत, लेझर कटिंग केलेल्या पातळ ब्रॅकेटमध्ये, इन्सर्टशिवाय सँडविच पॅनेलला मारलेल्या बोल्टमध्ये शोधा. तपासणीच्या आदल्या रात्री जादा तार ताणून १० मिलिमीटर साधण्यात काही पुरुषार्थ नाही.

मित्रहो, यासाठी एफआयएची वाट पाहू नका. विंगच्या टोकाला चौकटीच्या खुणा चिकटवा, रोल हूपवर किंवा नाकावर एक ॲक्शन कॅमेरा पक्का बसवा, मोकळ्या पार्किंगमध्ये ३०, ४५, ६० च्या स्थिर वेगाने दोन्ही दिशांना फेऱ्या मारा आणि पिक्सेल मोजा. त्याआधी वर्कशॉपमध्ये ५, १०, १५, २० किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवून भार आणि वाकाचा पूर्ण आलेख काढा. भार काढताना परतीचे आकडेही घ्या, म्हणजे सांध्यांतली ढिलाई उघडी पडेल. दोन्ही आलेख एकाच कागदावर आले की विंग कुठे फसवते ते दिसेल. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, जिथे जिथे गाडी बांधली जात आहे तिथून हे आलेख आम्हाला पाठवा, लेअप आणि ब्रॅकेटच्या रेखाचित्रांसह. फसलेल्या विंगचे आलेख आधी पाठवा, त्यांना पहिली पाने देऊ. नोव्हेंबरअखेरपर्यंत आलेले सर्व डिसेंबरच्या अंकात छापू, म्हणजे कोइम्बतूरला निघण्यापूर्वी ब्रॅकेट बदलायला प्रत्येकाच्या हाती काही आठवडे उरतील.