वेतनाला मर्यादा, नफ्याला मोकळीक

अमेरिका म्हणजे मुक्त बाजारपेठेची काशी, असे मानणाऱ्यांनी तेथील व्यावसायिक फुटबॉलचा कारभार एकदा डोळसपणे पाहावा. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. लोकांच्या भागभांडवलावर चालणारा ग्रीन बेचा संघ सोडला तर बाकी सारे धनाढ्यांच्या मालकीचे. हे मालक दूरचित्रवाणीचे हक्क एकत्र विकतात आणि पैसा आपसांत वाटून घेतात. त्यासाठी १९६१ सालच्या कायद्याने त्यांना मक्तेदारीविरोधी निर्बंधांतून सूट दिली. स्पर्धा मैदानापुरती, तिजोरीपाशी सारे सहकारी! खेळाडूंची श्रमशक्ती विकत घेतानाही हाच एकोपा. एका संघाने वर्षभरात वेतनावर किती खर्च करावा याची कमाल मर्यादा १९९४ पासून अमलात आली. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख होती.

एवढा पैसा मिळवणाऱ्यांचे कसले आले शोषण, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्याही तोंडी येतो. पण येथे मुद्दा रकमेचा नाही. करार कोणाला मोडता येतो, याचा आहे. पाच वर्षांच्या कराराचा डोळे दिपवणारा आकडा वृत्तपत्रांत झळकतो, परंतु त्यातील पुष्कळशा रकमेची हमी नसते. खेळाडूचे वय झाले, शरीर कुरकुरू लागले, की संघाची कचेरी त्याला मोकळा करते आणि उरलेले आकडे कागदावरच राहतात. खेळाडूला मात्र अधिक मोल देणाऱ्या संघाकडे मध्येच जाता येत नाही. करार संपल्यावरही ‘फ्रँचाइज टॅग’ लावून कचेरी त्याला आणखी एक वर्ष अडकवू शकते. काढताना कारण ठरलेले: मर्यादेत बसत नाही. हव्याशा खेळाडूसाठी मात्र हेच हिशेबनीस वेतनाचे रूपांतर बोनसात करून त्याचा बोजा पुढील वर्षांवर ढकलतात, आणि तीच मर्यादा रबरासारखी ताणली जाते.

हे सारे खेळाडूंनी मुकाट्याने सोसले असे नाही. १९८२ साली ते ५७ दिवस संपावर होते. एकूण उत्पन्नातील ५५ टक्के वाटा ही त्यांची मागणी होती. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन आठवडे सामने रेटले. न्यायालयात जावे, तर संघटना अस्तित्वात असेतो हे निर्बंध सामूहिक सौद्याचा भाग मानले जात. अखेर १९८९ साली संघटनेने सामूहिक सौद्याचा आपला हक्कच सोडून दिला. कामगाराला न्यायासाठी स्वतःची संघटना मोडावी लागावी, हा अमेरिकन कायद्याचा न्याय! १९९२ साली ज्यूरीने मालकांविरुद्ध कौल दिला. पुढल्या वर्षीच्या समझोत्यात करार संपलेल्या खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्याची किंमत म्हणजे ही वेतनमर्यादा.

२०१० चा हंगाम करारानुसार मर्यादेविना होता. तरीही त्या वर्षी हात सैल सोडला म्हणून वॉशिंग्टन व डॅलस या संघांच्या मर्यादेतून २०१२ साली अनुक्रमे ३ कोटी ६० लाख व १ कोटी डॉलर कापण्यात आले. नसलेली मर्यादा ओलांडल्याची ही शिक्षा! संगनमताचा याहून उघड कबुलीजबाब कोणता? आणि या शिक्षेला खेळाडूंच्या संघटनेने संमती दिली.

२०२२ साली क्लीव्हलँडच्या संघाने एका खेळाडूला पूर्ण हमीचे २३ कोटी डॉलर दिले, तेव्हा इतर मालकांच्या पोटात गोळा उठला. हमीच्या रकमा कमी कराव्यात म्हणून लीगने मालकांना उत्तेजन दिले होते, असे जानेवारी २०२५ मध्ये लवादाने नमूद केले. मात्र मालकांनी त्यानुसार संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही, असेही म्हटले. हा निकाल मालक आणि संघटना या दोघांनीही गुप्त ठेवला. जूनमध्ये तो एका पत्रकाराने उघड केला, तेव्हा कुठे खेळाडूंना तो वाचायला मिळाला. मालकांनी लपवावा हे स्वाभाविकच. पण संघटनेच्या नेत्यांनी तो कोणाच्या हितासाठी लपवला?

२०२० च्या कराराने खेळाडूंचा वाटा सुमारे ४८ टक्क्यांवर ठेवला आणि हंगामात सतरावा सामना घालण्याची मुभा मालकांना दिली. १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी, म्हणजे अवघ्या ६० मतांच्या फरकाने तो मंजूर झाला. आता मालकांना अठरावा सामना हवा आहे. संपूर्ण हमीचे करार मिळाल्याखेरीज खेळाडूंनी त्यावर बोलणीसुद्धा सुरू करू नयेत.