कुत्रे मोकाट की कारभार मोकाट?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. हिंगोली, परभणीपासून तेलंगणाच्या सीमेपर्यंतचा गोरगरीब माणूस याच दवाखान्याच्या भरवशावर असतो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील मोकाट कुत्री उचलून, त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावरून देशात दोन तट पडले. एक म्हणतो, कुत्र्यांना हात लावू नका. दुसरा म्हणतो, मारून टाका. या भांडणात ज्याला कुत्रे चावते त्या माणसाचे नाव कोणी घेतो काय?

मोटारीतून फिरणाऱ्याला कुत्रे चावत नाही. चावते ते पहाटे झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगाराला, उकिरड्यावर कागद-काच वेचणाऱ्या मायमाऊलीला, वस्तीच्या बोळात खेळणाऱ्या लेकराला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेबीजने मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर हे मरण टाळता येते. टाळता येणारे मरण टाळले गेले नाही, तर त्याला नशीब म्हणायचे की गुन्हा?

म्हणून आधी कामाचे बोलू. अनोळखी कुत्रे समोर आले तर पळू नका, दगड मारू नका, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. सावकाश मागे सरा. खाणारे, झोपलेले वा पिल्ले असलेले कुत्रे डिवचू नका. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद भरू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका; रेबीज मंत्राने उतरत नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात १४ इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडात देतात आणि चार-पाच वेळा जावे लागते. एकदाही चुकवू नका. रक्त आले असेल तर लसीबरोबर सीरमही लागते, ते मागून घ्या. कुत्रे पाळीव होते, ओरखडाच आहे, अशी चालढकल करू नका.

पण ही लस आणि सीरम दवाखान्यात असले पाहिजे! ते कायम साठ्यात ठेवा, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस विष्णुपुरीच्या याच रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. औषधे होती की नव्हती, यावर नंतर बराच वाद झाला. आईच्या कुशीतले लेकरू मात्र परत आले नाही. म्हणून साठ्याचा हिशेब आधीच मागितला पाहिजे.

नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, असे २००१ पासूनचे नियम सांगतात. २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी जबाबदारी तीच राहिली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून काप दिलेला असतो. आपल्या गल्लीतील कुत्र्यांचे कान पाहा. काप दिसला नाही, तर कागदावरचे काम कागदावरच राहिले असे समजा. शिवाय कचरा, मांसाचे टाकाऊ तुकडे उघड्यावर पडले की कुत्री तेथेच जमणार. श्रीमंतांच्या वसाहतीत घंटागाडी रोज जाते, आपल्या वस्तीत?

आम्ही कुत्र्याचे शत्रू नाही. मनूने तर कुत्री आणि गाढवे हीच चांडाळाची संपत्ती ठरवली होती. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता; म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे जावे लागले. आज प्राणिमात्रांवरील करुणेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. आणि कुत्री मारा म्हणणाऱ्यांनी कुक्कुर जातक वाचावे. राजाच्या रथाचे चामडे महालातल्या कुत्र्यांनी खाल्ले आणि मारण्याचा हुकूम सुटला तो बाहेरच्या कुत्र्यांवर! खरा दोषी महालातच होता, हे स्मशानात राहणाऱ्या बोधिसत्त्व कुत्र्याने राजाला दाखवून दिले. आजही उकिरडा साचवणारा, लसीचा साठा न पाहणारा, नसबंदीचा निधी कुठे गेला हे न सांगणारा महालातच बसला आहे.

तेव्हा बांधवांनो, काठी उचलू नका, अर्ज लिहा. लस किती, सीरम किती, नसबंदी किती, हे २००५ च्या माहिती अधिकाराखाली दवाखान्याला, महापालिकेला, ग्रामपंचायतीला विचारा. आणि येत्या रविवारी आपल्या विहारात एक फलक लावा: कुत्रे चावल्यास साबण, पाणी, १५ मिनिटे, मग थेट दवाखाना. एक लेकरू वाचले तरी त्या फलकाचे सार्थक झाले!