पस्तीस मैलांची थाप

बँकेतल्या कारकुनाने बर्फातल्या वॉकीटॉकीवर तोंड उघडू नये, असे माझ्या पुतण्याचे स्पष्ट मत आहे. पुतण्या डेन्व्हरला असतो. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो तीन मित्रांबरोबर कोलोरॅडोच्या डोंगरांत स्नोमोबाइल पळवतो. स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा आणि मधे बसलेला आपल्या घरचा एकुलता एक मुलगा. आखलेली वाट सोडायची आणि जिथे रस्ता, माणूस आणि मोबाइलची रेंज यांपैकी काहीही नाही तिथे जायचे, यातच म्हणे खरी मजा. आमच्याकडे अशा ठिकाणी बदली झाली तर युनियन मोर्चा काढते.

तरीही मी बोलणार. वॉकीटॉकीचा खरा प्रश्न विजेचा नसून मेळाचा आहे, आणि मेळ बसवण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत.

पहिला गुन्हेगार म्हणजे ते खोके. त्यावर ठसठशीत छापलेले असते, 'पस्तीस मैल'. हे अगदीच खोटे नाही हो! एकाने शिखरावर उभे राहावे, दुसऱ्याने समोरच्या उघड्या दरीत, मधे काही नसावे. मग पोचेलही आवाज. मुदत ठेवीच्या जाहिरातीत व्याजदराच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते ना, तशी ती अट. हे संच साधारण 462 मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरी नाकासमोर जातात, डोंगर चढून पलीकडे उतरत नाहीत. मधे एखादा सुळका आला की पस्तीस मैलांचे एखाद-दोन होतात, कधी तेवढेही नाहीत. तिथे दोन वॉटचा संच टाकून पाच वॉटचा घेतला तरी डोंगर बाजूला सरकत नाही. पण गिऱ्हाईक खोके वाचते, मैलांना डॉलरने भागते आणि स्वस्त पडले म्हणून खूश होते. यालाच आम्ही कॉमर्सवाले हिशेब आला पण व्यवहार आला नाही, असे म्हणतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. अमेरिकेत यात दोन पंथ आहेत. एफआरएस हा बिनपरवान्याचा. 2017 पासून त्याला 22 चॅनेल आणि बहुतेकांवर दोन वॉट मिळतात. मात्र आठ ते चौदा या चॅनेलांवर अर्धाच वॉट. हे चॅनेल टाळावेत. दुसरा जीएमआरएस. चॅनेल तेच, ताकद जास्त, पण परवाना लागतो. परीक्षा नाही. 2022 पासून फी 35 डॉलर, मुदत दहा वर्षे, आणि एका परवान्यात सगळे कुटुंब. या कुटुंबाची व्याख्या मी वाचली आणि मला त्या सरकारविषयी प्रेम वाटू लागले. आजी-आजोबा, भाऊ-बहिणी, काका-मामा, पुतणे-भाचे, वर सासरची मंडळी! आपल्या रेशनकार्डावर इतकी माणसे बसवायची तर पुरवणी जोडावी लागेल. म्हणजे कायद्याने मी पुतण्याच्या परवान्यात आहे. मला गप्प बसवणारा तो कोण?

आता तिसरा आणि सगळ्यांत मोठा गुन्हेगार: 'प्रायव्हसी कोड'. या नावाने जितक्या लोकांना फसवले असेल, तितके चिटफंडानेही फसवले नसेल. कोड लावल्याने तुमचे बोलणे खासगी होत नाही. ते त्या चॅनेलवर कुणालाही ऐकू जाते. तुमच्या आवाजाबरोबर एक बारीक सूर जातो, आणि ज्याने आपल्या संचाला 'हा सूर असेल तरच ऐकव' असे सांगून ठेवले आहे, त्याला बाकीचे जग ऐकू येत नाही. थोडक्यात, तो कुलूपबंद दरवाजा नसून स्वतःच्या कानातला बोळा आहे. शिवाय काही कंपन्यांचे कोडनंबर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून नंबर नव्हे, हर्ट्झ जुळवावेत: 67.0 म्हणजे सगळीकडे 67.0.

या बोळ्याने काय होते, ते गेल्या वर्षी रॅबिट इअर्स पासपाशी घडले. म्हणजे सशाचे कान! डोंगराला कान होते, माणसांना नव्हते. चौघांचे चार कंपन्यांचे चार संच. पुतण्याने आदल्या रात्री केबल लावून आपला कॉम्प्युटरवरून भरला, दोघांना कोड फोनवर सांगितला, चौथा झोपला होता. दुसऱ्या दिवशी तो चौथाच दोन टेकाडांमागे कमरेएवढ्या बर्फात मशीनसकट रुतला. चॅनेल बरोबर, कोड नाही. त्यामुळे त्याला तिघांचे सगळे ऐकू येत होते आणि तिघांना त्याचे काहीच नाही. चाळीस मिनिटे तो बटण दाबून ओरडत होता आणि आपल्याविषयीची चर्चा ऐकत होता. 'परत गेला असेल,' 'नेहमीचंच आहे त्याचं,' वगैरे. शेवटी बर्फातल्या पट्ट्याच्या खुणांवरून सापडला. धडधाकट होता, फक्त मित्रांविषयीची मते बदलली होती.

इथपर्यंत हसू येते. पण हिमलोटाखाली गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात बाहेरून कुणी येत नाही. वाचवले तर बरोबरचेच वाचवतात. तिथे चाळीस मिनिटांना उशीर म्हणत नाहीत. आम्ही संयुक्त खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असा शिक्का रोज मारतो. त्या शब्दांचा अर्थ मला पुतण्याच्या फोननंतर कळला.

म्हणून माझे म्हणणे असे, की रेडिओ ही खासगी वस्तू नव्हेच. ते संयुक्त खाते आहे. एकट्याने दुकानात जाऊन 'माझा सगळ्यांत भारी' म्हणून आणायची ती चीज नाही. चौघांनी मिळून एकाच जातीचे, साधे, हातमोजे घालून बटणे दाबता येतील असे संच घ्यावेत. कोलोरॅडोतल्याच एका कंपनीचा बीसी लिंक नावाचा संच असतो. त्याचा माइक खांद्यावर अडकवतात आणि चॅनेल माइकवरूनच बदलतात, संच पिशवीतच राहतो. माइक असा असावा. संच कोटाच्या आत, अंगाजवळ, कारण थंडीने बॅटरी मान टाकते. मशीनच्या डिकीत मुळीच नको. मशीन एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हा त्या खेळाचा नेहमीचा शेवट. मात्र हिमलोटात शोध घेणारे ट्रान्सीव्हर नावाचे यंत्र छातीशी असते, त्यापासून संच किमान वीस सेंटिमीटर लांब हवा, आणि शोधताना पन्नास. नाहीतर एक यंत्र दुसऱ्याच्या कामात लुडबुडते.

आणि आदल्या रात्री चारही संच जेवणाच्या टेबलावर मांडावेत. बँकेत एक जण नोंद करतो, दुसरा तपासतो. स्वतःची नोंद स्वतः पास करता येत नाही. तसेच इथे. चॅनेल एक, कोड एक किंवा कोडच नाही, एक राखीव चॅनेल, मग बटणांना कुलूप. नंतर प्रत्येकाने दुसऱ्या खोलीत जाऊन एकदा बोलावे आणि प्रत्येकाने उत्तर द्यावे. सकाळी निघताना पुन्हा. बटण दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे, आणि एका वेळी एकानेच. ही शेवटची अट आपल्या माणसांना जड जाईल, हे मला मान्य आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ती अजून कुणाला जमलेली नाही. पण सभेत कुणाचे ऐकू आले नाही, तर फार तर पाण्याच्या टाकीचा ठराव राहून जातो.