हिरवळ सार्वजनिक, नफा दलालांचा

लॉस एंजेलिस शहराच्या मालकीची डझनभर गोल्फ मैदाने आहेत. तेथे खेळण्यासाठी क्लबचे सभासदत्व लागत नाही की कुणाची शिफारस लागत नाही. पन्नास डॉलरच्या आसपास शुल्क भरायचे, ठरलेल्या वेळी हजर व्हायचे आणि खेळायचे. निवृत्त कामगार, शाळकरी मुले, रात्रपाळी संपवून येणारे नोकरदार अशा साऱ्यांना परवडावे म्हणून महापालिकेने हा दर जाणीवपूर्वक कमी ठेवलेला आहे. २०२४ च्या सुरुवातीला मात्र या मैदानांवर नित्यनेमाने येणाऱ्यांच्या तक्रारींना तोंड फुटले. ऑनलाइन नोंदणी पहाटे खुली होताच शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा काही सेकंदांत नाहीशा होत आणि त्याच वेळा थोड्या अवधीत काकाओटॉक या कोरियन संदेशसेवेवर विक्रीला आलेल्या दिसत. दलालाची पट्टी एका वेळेमागे ३० ते ४० डॉलर. एका गोल्फ प्रशिक्षकाने हा व्यवहार समाजमाध्यमांवर उघड केला, स्थानिक वृत्तपत्रांनी तो उचलून धरला आणि उद्यान विभागाला त्याची दखल घ्यावी लागली. तक्रारदारांत कोरियन वंशाचे खेळाडूही होते, त्यामुळे हा एखाद्या समाजाचा विषय नव्हता. स्वस्त ठेवलेल्या सार्वजनिक वस्तूचा होता.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटाचा अनुभव असलेल्या वाचकाला हे चित्र नवे वाटणार नाही. पण गोल्फची वेळ आणि रेल्वेचा बर्थ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. गर्दी वाढली तर रेल्वे जादा गाडी सोडू शकते किंवा निदान एखादा डबा वाढवू शकते. गोल्फ मैदानाला डबा जोडता येत नाही.

अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. चौघांचा गट पहिल्या फटक्यासाठी उभा राहतो, तो पुढे सरकला की काही मिनिटांनी दुसरा गट निघतो. ही निघण्याची ठरलेली वेळ म्हणजे ‘टी टाइम’, आणि मैदान विकते ते प्रत्यक्षात हेच. पूर्ण फेरीला चार ते साडेचार तास लागतात. म्हणजे अंधार पडण्यापूर्वी खेळ संपवायचा असेल, तर शेवटचा गट दुपारीच निघाला पाहिजे. सकाळी सहा ते दुपारी अडीच या वेळेत दर दहा मिनिटांनी एक गट सोडला, तर ५१ गट, म्हणजे २०४ खेळाडू होतात. हे अंतर आठ मिनिटांवर आणले की कागदावर ६३ गट बसतात आणि उत्पन्न जवळपास चौथ्या हिश्श्याने वाढते. प्रत्यक्षात मात्र पुढचा गट हिरवळीवरून हटेपर्यंत मागचा खोळंबतो, लहान होलवर रांग लागते आणि चार तासांची फेरी साडेपाच तासांवर जाते. रिकामी गेलेली वेळ साठवून उद्या विकता येत नाही, हे आणखी एक दुखणे. शनिवारी सकाळी साडेसातची वेळ सगळ्यांना हवी असते आणि मंगळवारी दुपारी एकची कुणालाच नको असते.

करोनाच्या काळात हा पुरवठा तोकडा पडला. उघड्यावर, अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून २०२० नंतर अमेरिकेत गोल्फकडे लोक लोटले. साथ ओसरल्यावर गर्दी ओसरेल हा अंदाज चुकला. नॅशनल गोल्फ फाउंडेशनच्या गणनेनुसार २०२३ मध्ये त्या देशात सुमारे ५३ कोटी फेऱ्या खेळल्या गेल्या. तोवरचा हा उच्चांक होता. मैदाने मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. वाढणार तरी कुठून? शहरांतून शंभर एकरांचा मोकळा तुकडा आता कुणाला मिळतो?

दर वाढवा, गर्दी कमी होईल

अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थी यावर लगेच उत्तर देईल. वस्तू कमी आणि गिऱ्हाइके जास्त असतील, तर किंमत वाढवा. दलाल चाळीस डॉलर घेऊ शकतो याचा अर्थ त्या वेळेची खरी किंमत तेवढी जास्त आहे. ती महापालिकेनेच वसूल केली, तर दलालाचा धंदा आपोआप बसेल आणि पैसा मैदानाच्या देखभालीला मिळेल. या युक्तिवादात तथ्य आहे. पण ज्या कारणासाठी शहराने मैदान बांधले तेच कारण त्यात हरवते. ज्याला नव्वद डॉलर सहज परवडतात त्याच्यासाठी खासगी मैदाने आहेतच. महापालिकेचे मैदान दुसऱ्यासाठी होते.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक टोकदार आहे. शहरात घरांची एवढी टंचाई असताना शंभर एकर हिरवळ मूठभरांच्या खेळासाठी का राखायची? कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झाला. सार्वजनिक गोल्फ मैदानांच्या जागी परवडणारी घरे बांधण्यास उत्तेजन देणारे विधेयक तेथे मांडले गेले. २०२२ मध्ये ते समितीच्या पातळीवरच बारगळले. गोल्फ संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्यांचा मुख्य मुद्दा हा होता की ही मैदाने श्रीमंतांची नव्हेत, सामान्यांची आहेत. हा बचाव टिकायचा असेल, तर सामान्य माणसाला तेथे खरोखर वेळ मिळाली पाहिजे. दलालीचा धंदा चालू राहिला, तर महापालिकेचे उत्पन्न फारसे बुडत नाही, कारण मूळ शुल्क तिला मिळतेच. बुडते ते मैदान राखण्याचे समर्थन. लॉस एंजेलिसच्या प्रशासनाने या प्रकरणाकडे आधी लक्ष दिले नाही, त्यामागे तिजोरीला झळ लागत नसणे हे एक कारण असावे, अशी शंका घेण्यास वाव आहे.

दोन दर आणि गाड्यांची रांग

याच राज्यात दक्षिणेला सॅन डिएगोने वेगळा मार्ग निवडला आहे. तेथील टॉरी पाइन्स हे समुद्रकाठचे महापालिकेचे मैदान. २००८ आणि २०२१ मध्ये अमेरिकन ओपन तेथे झाली, त्यामुळे जगभरच्या हौशी खेळाडूंना तेथे एकदा तरी खेळायचे असते. महापालिकेने या हौसेचा उपयोग करून घेतला. दक्षिण मैदानावर शहराच्या रहिवाशाला जो दर आहे, त्याच्या सुमारे तिप्पट बाहेरच्या पाहुण्याला मोजावा लागतो. शिवाय सुमारे ७० टक्के खेळ रहिवाशांसाठी राखण्याचे धोरण आहे. पाहुण्याला जादा आकार देऊन कित्येक आठवडे आधी वेळ निश्चित करता येते. पाहुण्यांच्या पैशांवर रहिवाशाचा दर सावरला जातो. ही विभागणी समजायला सोपी आणि बरीचशी न्याय्य आहे, पण ती साधते कारण मैदान प्रसिद्ध आहे. वस्तीतल्या नऊ होलच्या साध्या मैदानावर तिप्पट पैसे देऊन खेळायला परगावचा कोण येणार?

न्यूयॉर्क राज्याच्या बेथपेज उद्यानातील ‘ब्लॅक’ मैदानावर तिसरीच पद्धत रूढ झाली. लाँग आयलंडवरील या उद्यानात पाच मैदाने आहेत. १९३६ मध्ये खुले झालेले ब्लॅक त्यातले सर्वांत अवघड, इतके की ते फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावे अशी पाटी सुरुवातीलाच लावलेली आहे. २००२ ची अमेरिकन ओपन येथे झाली आणि खऱ्या अर्थाने सरकारी मालकीच्या मैदानावर ही स्पर्धा प्रथमच गेली म्हणून तिचे कौतुक झाले. रायडर कपही २०२५ मध्ये येथेच झाला. राज्यातील रहिवाशांना कमी दर आणि आधी नोंदणी या सवलती येथेही आहेत. पण दिवसातील काही वेळा ऑनलाइन न विकता प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी ठेवल्या जातात आणि त्यासाठी लोक आदल्या रात्री क्रमांक घातलेल्या जागेत गाडी लावून आतच झोपतात. रांगेचे एक बरे असते; ती दलालाला परवडत नाही. दहा वेळा पटकावण्यासाठी त्याला दहा गाड्यांत दहा माणसे झोपवावी लागतील. मात्र रांग पैशाऐवजी वेळ मागते. लहान मुले असलेल्या आईला किंवा सकाळी कामावर जाणाऱ्याला ती किंमत चाळीस डॉलरपेक्षाही जड जाऊ शकते.

सेंट अँड्रूजची सोडत

गोल्फची पंढरी मानल्या जाणाऱ्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजने हा प्रश्न शतकानुशतके हाताळला आहे. तेथील जुने मैदान, ‘ओल्ड कोर्स’, ही गावाची सामाईक जमीन. गावकऱ्यांच्या तेथे खेळण्याच्या हक्काचा उल्लेख १५५२ च्या सनदेत सापडतो. मधल्या काळात कर्जबाजारी नगरपालिकेने १७९७ मध्ये ही जमीन विकली आणि ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. अखेर १८९४ मध्ये नगरपालिकेने जमीन परत मिळवली. पाहुण्यांकडून शुल्क घेणे सुरू झाले ते १९१३ मध्ये, तर स्थानिक करदाते १९४६ पर्यंत फुकट खेळत होते. आज ही मैदाने १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यासाकडे आहेत.

ओल्ड कोर्सवर एका फेरीसाठी २०२४ च्या हंगामात पाहुण्याला ३२० पौंड मोजावे लागत होते, तर स्थानिकांना अल्प दरात वार्षिक पास मिळतो. एवढा दर असूनही मागणी भागत नाही. म्हणून उरलेल्या वेळांपैकी मोठा हिस्सा सोडतीने वाटला जातो. दोन दिवस आधी नावे द्यायची आणि संध्याकाळी निकाल पाहायचा. म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरलेल्यांना ही धाकधूक वेगळी सांगायला नको. सोडतीत लवकर उठणाऱ्याला, वेगवान संगणक असणाऱ्याला किंवा ओळखीच्या माणसाला कसलाच फायदा नसतो. एकट्याने आलेल्या खेळाडूंना मात्र पूर्वी रांगेतच उभे राहावे लागे आणि पहिला क्रमांक मिळावा म्हणून ते मैदानाबाहेर रात्र काढत. २०२४ मध्ये न्यासाने ती रांगही बंद करून एकट्या खेळाडूंसाठी वेगळी दैनिक सोडत सुरू केली. जुन्या भाविकांना ते रुचले नाही. थंडीत कुडकुडत काढलेली रात्र हाही त्यांच्या यात्रेचा भाग होता.

दलाल मात्र येथेही आहेत, म्हणजे अधिकृत. काही वेळा न्यास पर्यटन कंपन्यांना देतो आणि त्या हॉटेलच्या मुक्कामासह चढ्या दराने विकतात. फरक एवढाच, की हा व्यवहार कराराने होतो आणि त्यातला पैसा मैदानाकडे येतो. आणि रविवारी साधारणपणे ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन हिरवळीवर फिरायला येतात. आठवड्यातला सर्वाधिक मागणीचा एक दिवस असा सोडून देणे कोणत्याही हिशेबनिसाला पटणार नाही, पण जमीन कुणाची आहे याची आठवण गावाला त्यातूनच राहते.

दहा डॉलरची अनामत

लॉस एंजेलिसने आपल्या परीने उपाय केला. उद्यान विभागाने २०२४ च्या वसंत ऋतूत प्रायोगिक तत्त्वावर प्रत्येक खेळाडूमागे दहा डॉलरची अनामत लागू केली. खेळायला आले तर ती शुल्कातून वजा, न आले तर परत मिळणार नाही. टीकाकारांनी तिची थट्टा केली, कारण दलाल हे दहा डॉलर गिऱ्हाइकाच्या माथी मारून मोकळा होणार. ही टीका अर्धीच खरी आहे. दलालाचा धंदा दोन पायांवर उभा असतो. एक, वेळ पटकावणे. आणि दुसरा, न विकली गेलेली वेळ फुकटात रद्द करणे. अनामतीने दुसरा पाय लंगडा होतो. पूर्वी वीस वेळा अडवून बारा विकल्या, तर उरलेल्या आठ शेवटच्या क्षणी सोडून देण्यास काहीच खर्च नव्हता. आता चौघांच्या प्रत्येक न विकलेल्या वेळेमागे चाळीस डॉलर जातात. मात्र ज्या वेळा हमखास विकल्या जातात, त्या शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळांवर अनामतीचा काहीही परिणाम होत नाही. आणि तक्रार नेमकी त्याच वेळांची होती.

तेथे उपयोगी पडेल तो नावाशी बांधलेला हक्क. नोंदणी करणारा स्वतः खेळायला आला नाही, तर वेळ दुसऱ्याच्या नावे फिरवता येऊ नये. ती परत सामाईक खात्यात जावी आणि सोडतीने वाटली जावी. भारतीय रेल्वेने १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची केली, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे. सवलतीची वस्तू हस्तांतरणीय ठेवली, की सवलत माणसाला न मिळता वस्तूला मिळते आणि वस्तू ज्याच्या हाती पडेल तो ती खाऊन टाकतो.

अडचण आहे ती खिडकीवरच्या माणसाची. दर आठ-दहा मिनिटांनी चौघे येणार. चौघांची ओळखपत्रे नोंदणीशी ताडून पाहायची, एकाचा मित्र आजारी पडला म्हणून दुसरा आला असेल तर त्याचे काय करायचे ते ठरवायचे, आणि मागच्या गटाला थांबवायचे नाही. चौघांपैकी फक्त नोंदणी करणाऱ्याचीच ओळख तपासली, तर खिडकीवरचे काम हलके होते. पण मग दलालाला प्रत्येक गटात स्वतःचा एक माणूस पाठवावा लागेल, आणि अठरा होल चालायला एका माणसाला चार तास लागतात.