गाठीची पायरी

दोऱ्या-दोरखंडाचे काम ते. त्यात कला कसली, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कॅनव्हास आणि संगमरवर ही कलेची द्रव्ये, आणि सूत, ताग, चिंध्या ही घरकामाची, हा निवाडा कोणत्या शास्त्राने दिला, हे मात्र ते सांगत नाहीत.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचे शिल्पकार्य या मंडळींनी एकवार डोळे उघडून पाहावे. मुंबईत जन्मलेल्या आणि डेहराडूनच्या वनराजीत वाढलेल्या मृणालिनीबाई बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात के. जी. सुब्रमण्यन् यांच्या हाताखाली शिकल्या. सुब्रमण्यन् यांनी १९५९ ते १९६१ या काळात हातमाग मंडळात काम केले होते. कारागिराच्या हाताला स्वतःची बुद्धी असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्या शिष्येने बाजारातली तागाची दोरी उचलली आणि सुमारे पंचवीस वर्षे गाठीमागून गाठ मारली. माग नाही, आधी रेखाटलेला आराखडा नाही. त्या गाठींतून 'यक्षी' (१९८४), 'वनश्री' (१९९४) अशी माणसाहून उंच दैवते उभी राहिली. त्यांची घडी पाकळीची की वस्त्राची, हे पाहणाऱ्याला ठरविता येत नाही. डेहराडूनचे रान आणि देवळातली मूर्ती तेथे एकाच दोरीत गुंफली गेली आहेत.

आता हेच टीकाकार म्हणतात, ''बाईंनी हस्तकलेला कलेच्या पदवीस चढविले.'' ही स्तुती नव्हे, हा जुनाच अपमान नव्या शालीत गुंडाळलेला आहे. गाठ खालच्या पायरीवर कधी नव्हतीच. तिला तेथे बसविले ते आपण, कारण ती मारणारे हात बहुधा बायकांचे आणि बिनमजुरीचे होते.

प्रत्येक गाठ ही कला काय? मुळीच नाही. प्रत्येक रंगविलेले कापड तरी कुठे असते? पारख कृतीची करावी, द्रव्याची नव्हे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१९ साली या शिल्पांचे प्रदर्शन भरविले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. तो जरूर वाटावा. पण आपल्या गावच्या प्रदर्शनात गोधडी मांडताना तिच्याखाली 'ग्रामीण हस्तकला' एवढेच लिहून आपण मोकळे होतो. तेथे शिवणारणीचे नाव, गाव आणि साल लिहावे. एवढेही ज्यांच्याने होत नाही, त्यांनी कलेच्या पायऱ्या मोजू नयेत.