इच्छामंत्राचे मोल

अतिसामर्थ्यशाली मंत्राला आवर घालण्याचे काम शब्दच्छलावर सोपवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. वरकरणी हा वाद काही हौशी खेळाडूंचा. मुळात तो कथेतील सामर्थ्याचा आणि वाचनाच्या नीतीचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो, सूत्रधार जग उभे करतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल फासे देतात. यातील ‘विश’ हा नवव्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीचा मंत्र. जादूगाराने इच्छा उच्चारावी आणि ती खरी व्हावी! असा मंत्र एकाच्या हाती आला की इतरांच्या तलवारी शोभेपुरत्या उरतात आणि कथेतला पेचच संपतो. मर्यादा हवी, याविषयी दुमत नाही. ती कोणत्या जातीची असावी, हा प्रश्न आहे.

अनेक सूत्रधारांचा लाडका उपाय म्हणजे इच्छेचे शब्द पकडणे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियमच त्याला वाट करून देतात: शत्रू मेलेला असावा असे मागितले, तर जादूगारच त्या शत्रूच्या मृत्यूनंतरच्या काळात फेकला जाऊ शकतो. याला चातुर्य म्हणतात. आम्ही कुटिल वाचन म्हणतो. अभिधेला चिकटून तात्पर्य नाकारणाऱ्या वाचकाला आपण वर्गात रसिक मानत नाही, मग येथे का मानावे? परिणाम असा होतो की खेळाडू इच्छा मागण्याऐवजी पोटकलमांसह करारनामा लिहू लागतो.

इतर उपायही पाहावेत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ५,००० अनुभवगुणांची किंमत ठेवली. किंमत आधी कळते, हे चांगले. पण पात्राने नेमके काय गमावले? वहीतला एक आकडा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने योद्धा आणि जादूगार यांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या. तोल साधला, विस्मय गेला.

याउलट १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘विश’ उच्चारणाऱ्याचे वय ५ वर्षांनी वाढे. ही किंमत कथेच्या आतली आहे. शतकानुशतके जगणाऱ्या एल्फला ५ वर्षांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यातून किंमत पात्रागणिक ठरवावी एवढेच सिद्ध होते. पाचव्या आवृत्तीतही, दुसऱ्या मंत्राची नक्कल करण्यापलीकडचे काही मागितल्यास ‘विश’ कायमचा गमावण्याची ३३ टक्के शक्यता आहे. तो नियम आम्हांस मान्य आहे.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. कर्णाने कवचकुंडले देऊन इंद्राकडून एकदाच वापरता येणारी शक्ती घेतली. अर्जुनासाठी राखलेली ती घटोत्कचावर खर्ची पडली. कोणी त्याचे शब्द पिरगाळले नाहीत. अट आधीच स्पष्ट होती, आणि शक्तीने आपले कामही चोख केले. शोकात्मता त्या प्रामाणिक व्यवहारातूनच जन्मली.

सूत्रधारानेही हेच करावे. किंमत आधी सांगावी, ती पात्राच्या आयुष्यातून घ्यावी, आणि मग मागितलेले मागितल्याप्रमाणे द्यावे. फसवणुकीने राखलेला तोल हा तोल नव्हे.