चौकोनी धार आणि हत्यारांचा जमाखर्च

अमेरिकेच्या ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत डग्लस फरचे प्रचंड वृक्ष पाडणारे कित्येक व्यावसायिक लाकूडतोडे यांत्रिक करवतीच्या साखळीस गोल कानशीऐवजी चौकोनी धार देतात. कारण दाताचे वरचे आणि बाजूचे पाते जेथे मिळते तो कोपरा तीक्ष्ण असला, की स्वच्छ, मऊ लाकडात करवत निःसंशय अधिक वेगाने उतरते. परंतु गोल कानस दाताच्या खोबणीत आपसूक बसते, तशी चौकोनी धारेची कानस बसत नाही. तिची कड नेमकी त्या कोपऱ्यावर टेकवावी लागते, आणि ती केसभर वरखाली सरकली तरी धारेचा कोनच बिघडतो. शिवाय मातीचा किंचित संसर्ग होताच ही धार बोथट होते.

सबब, जो मनुष्य ही धार पत्करतो त्याने कानशीचा कोन राखणाऱ्या साधनाची तजवीज करणे ही चैन नव्हे. धार लावण्याचे महागडे यंत्र मात्र ज्याच्या हाताखालून रोज अनेक साखळ्या जातात त्यानेच घ्यावे. केवळ सरपणासाठी मातीने माखलेले ओंडके कापणाऱ्याने या खर्चात पडूच नये. त्याला साधी गोल कानस पुरेशी आहे.